ताटात काय वाढायचे हे कोण ठरवते?



'जे पिकते तेच माणूस खातो' असे आपण नेहमी ऐकतो, आणि शेतकऱ्याच्या तोंडी ते वाक्य शोभूनही दिसते. पण ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायचे असेल तर ऑगस्ट महिन्यात नार्व्याच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर थोडा वेळ उभे राहावे. अलीकडे डिचोली तालुक्यातले नार्वे, पलीकडे दिवाडी बेटावरचे नार्वे, मध्ये मांडवी. दोन्हीकडे पाऊस तोच, भातशेती तीच, माड तेच, नदीतली मासळीही तीच. पण स्वयंपाकघरात डोकावून पाहिले तर अलीकडे श्रावण चालू असतो. बहुतेक हिंदू घरांत मासळी बंद असते. गोकुळाष्टमीला भाविक नदीत स्नान करून श्री सप्तकोटेश्वराचे दर्शन घेतात आणि उपास करतात. पलीकडे बेटावर त्याच सुमारास, म्हणजे ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी, बोंदेरा असतो. घरोघरी पाहुणे येतात आणि सणाचे जेवण मांस-मासळीशिवाय होत नाही.

जमिनीने दोघांना सारखेच दिले. ताट वेगळे झाले ते मूल्यांमुळे. मूल्य हा शब्द जड वाटत असेल तर सोपे करून सांगतो. समाज कशाला मान देतो, कशाला शुद्ध समजतो आणि कशाची लाज बाळगतो, ही त्याची मूल्ये. माणूस नुसत्या भुकेने जेवत नाही. भूक 'काहीतरी दे' एवढेच म्हणते. काय, केव्हा, कोणाबरोबर आणि कोणाच्या आधी, हे मूल्ये ठरवतात.

मिठाची गोष्ट

या बाबतीत आपल्याच भागातली एक घटना फार बोलकी आहे. १४ एप्रिल १७३६ रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने एक हुकूम काढला. नवख्रिस्ती लोकांनी जुन्या चालीरीतींपैकी कोणकोणत्या सोडाव्यात याची त्यात लांबलचक यादी होती. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ती दिलेली आहे. त्या यादीत एक कलम असे होते, की हिंदूंप्रमाणे अळणी भात शिजवून मागाहून चवीपुरते मीठ घालून घेण्याची पद्धत ख्रिस्ती लोकांनी बंद करावी.

मीठ आधी घातले काय किंवा नंतर घातले काय, तांदळाच्या दाण्याला आणि आपल्या पोटाला त्याचे काही सोयरसुतक नाही. मग एवढ्या मोठ्या धर्मन्यायालयाला कोणाच्या मडक्यात डोकावण्याची गरज का पडली? कारण त्या अळणी भाताला अर्थ होता. हिंदू घरात नैवेद्याचा भात अळणी शिजतो आणि जेवताना मीठ पानात बाजूला वाढतात. म्हणजे मडक्यात मीठ नसणे ही देवघराशी जोडलेली खूण होती, आणि हुकूम काढणाऱ्यांना ती खूणच पुसायची होती. माणसाचा धर्म बदलला तरी त्याच्या चुलीला ते कळायला शे-दोनशे वर्षे लागतात, हे त्यांना ठाऊक असावे.

नार्व्याच्या वाचकाने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दिवाडी बेट १५१० पासून पोर्तुगीजांकडे होते. बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ सोळाव्या शतकाच्या मध्यात पाडले गेले, लिंग नदीपलीकडे नेण्यात आले, आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधवले. डिचोली पोर्तुगीजांच्या अमलाखाली आली ती १७८१ साली. म्हणजे १७३६ मध्ये तो हुकूम बेटाला लागू होता, अलीकडच्या काठाला नव्हता. एकाच नावाच्या दोन गावांमध्ये नदीइतकीच मिठाचीही सीमा होती. आपण ख्रिस्ती आहोत म्हणून हा इतिहास टाळावा असे मला वाटत नाही. इन्क्विझिशन १८१२ साली कायमचे बंद झाले. भातात मीठ आधी घालण्याची सवय मात्र कित्येक घरांत आजही आहे, आणि ती का आहे हे घरात कोणाला सांगता येत नाही.

पाव, साबुदाणा आणि मासा

खाण्याशी जोडलेला मान कायमचा नसतो. पावाचे उदाहरण घ्या. आपला देश तांदळाचा. गव्हाचा पाव इथे आला त्यामागे युरोपीयांची सवय होती, तसे एक धार्मिक कारणही होते. मिस्सेसाठी गव्हाचीच भाकर लागते, हा चर्चचा नियम आजही आहे. गोव्यात यीस्ट मिळेना, तेव्हा माडाची सूर घालून पीठ फुगवण्याची युक्ती निघाली आणि पदेर हा धंदा उभा राहिला. दुसऱ्या बाजूला, पाव म्हणजे बाटलेले अन्न अशी समजूत होती. विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यायल्यामुळे सारे गाव बाटले, अशा कथा गोव्यापासून वसईपर्यंत सांगतात. त्या प्रत्यक्ष घडल्या की नाही हा प्रश्न वेगळा. लोकांना त्या खऱ्या वाटत होत्या, आणि बाटलेल्यांना परत घ्यायला त्यांचेच भाऊबंद तयार नव्हते. आज त्याच पावाची स्थिती पाहा. पदेराचा भोंगा वाजला की डिचोलीतल्या हिंदू घरातूनही पिशवी घेऊन कोणीतरी बाहेर येते. १९६० च्या दशकात दादरला वडापाव सुरू झाला आणि आता तो तमाम मराठी माणसाची ओळख होऊन बसला आहे. ज्याने माणूस बाटत होता, त्याच्यावर आता त्याचा नाश्ता होतो. पावाचे घटक काही बदलले नाहीत. बदलली ती समजूत.

उपासाच्या फराळाचेही तसेच आहे. आपल्या हजारो वर्षांच्या तांदळाने उपास मोडतो. बटाटा, शेंगदाणे, मिरची आणि साबुदाणा मात्र चालतात. यांपैकी पहिली तिन्ही पिके अमेरिका खंडातून पोर्तुगीज काळात आपल्याकडे आली. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओकाही तिकडचाच, आणि त्याचे कारखाने तामिळनाडूत सेलमकडे निघाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. हे चेष्टेने सांगत नाही. आपल्याकडेही मांसवर्ज्याच्या दिवशी मासा चालतो आणि शेजारच्या हिंदूला त्याचे नवल वाटते, कारण त्याच्या हिशेबी मासा आणि मटण एकाच पंक्तीतले. प्रत्येक समाजाचा नियम आतून पाहिला की सरळ दिसतो आणि बाहेरून पाहिला की वाकडा.

तरीपण नियमांच्या खाली शेतकऱ्याचे पंचांग एकच असते, हेही विसरू नये. पावसाळ्यात हळदीचे पान मिळते. मग हिंदू घरात श्रावण-भाद्रपदातल्या सणांना पातोळ्या होतात आणि ख्रिस्ती घरात २४ जूनच्या सांजांवाला किंवा १५ ऑगस्टला होतात. संत वेगळे आणि देव वेगळे, पण पान, खोबरे, गूळ आणि तांदळाचे पीठ तेच. चवथीच्या दिवसांत हिंदू शेतकरी नव्या भाताची कणसे घरात आणून पुजतो. रायला ५ ऑगस्टला आणि ताळगावला २१ ऑगस्टला कणसांचे फेस्त होते, त्यात पाद्री नवी कणसे आशीर्वाद देऊन वाटतात. श्रावणातल्या शाकाहाराचेही असेच आहे. मासळीची पैदास होण्याच्या दिवसांत समुद्राला थोडी विश्रांती मिळावी म्हणून सरकार आज १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद ठेवते. श्रावण त्याच हेतूने पाळला जाऊ लागला असे म्हणणे धाडसाचे होईल. पण ताज्या मासळीची टंचाई, रानात उगवणारी तायकिळ्याची आणि तेऱ्याची भाजी आणि धर्माचा नियम या तीन गोष्टी एकमेकींना धरून बसल्या, हे खरे. आपल्या घरांतला पुरुमेंत त्याच गरजेतून आला. शब्द पोर्तुगीज, पण मे महिन्यात सुके बांगडे, सोले, मिरच्या, चिंच भरून ठेवण्याची रीत दोन्ही काठांवरची. (सुकी मासळी रांधण्याआधी अर्धा तास पाण्यात ठेवून ते पाणी ओतून द्यावे. दिवसाकाठी सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुक्या बांगड्याच्या एका तुकड्यात त्यातले बरेचसे जाते.)

उकड्याची लाज

आता ज्या कारणासाठी हा पाठ लिहायला घेतला त्याकडे येतो. आपल्या भागात रोजचे खाणे म्हणजे उकड्या तांदळाची पेज आणि शीत-कढी. दिवाडीसारख्या ठिकाणच्या खाजन शेतीत खाऱ्या पाण्याला टिकणारे कोरगुट पिकते, त्याचा तांबूस तांदूळही उकडूनच खातात. सकाळी दहा-अकराच्या सुमारास बांधावर बसून पेज, तिच्याबरोबर तोराचे लोणचे किंवा भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. हे गरिबाचे खाणे समजले गेले. मानाचा तांदूळ मात्र सुरय, पांढरा. नैवेद्याला, अक्षतांना तो लागतो, आणि ख्रिस्ती घरातल्या लग्नाच्या पुलावालाही तोच. येथे दोन्ही काठांचे एकमत आहे. पाहुणा आला आणि घरात उकडाच असेल तर गृहिणी शेजारी सुरय तांदूळ मागायला जाते. 'पाहुण्याला पेज कशी वाढू?' या एका वाक्यात सारे समाजशास्त्र आले.

पांढऱ्या दाण्याच्या मोहाची किंमत जगाने एकदा फार मोठी मोजली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आग्नेय आशियात यंत्राने सडलेला पांढराशुभ्र तांदूळ सुरू झाला आणि बेरीबेरीने माणसे मरू लागली. पाय सुजत, अंगातली शक्ती जाई आणि शेवटी हृदय बंद पडे. जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरांना आढळले, की सडीक तांदूळ खाऊन लुळ्या पडलेल्या कोंबड्या कोंडा चारला की बऱ्या होतात. पुढे १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मलायातला अनुभव तर आपल्याला अधिक जवळचा आहे. तिथे सयामचा पांढरा तांदूळ खाणारे चिनी मजूर बेरीबेरीने पछाडले जात, आणि त्याच मुलखात राबणारे तमिळ मजूर सहसा सुटत, कारण ते आपल्या गावच्या सवयीने उकडा तांदूळ मागवून खात. त्यांना जीवनसत्त्व हा शब्द माहीत नव्हता. जुनी सवय त्यांनी सोडली नाही, एवढेच.

यामागचे कारण समजायला सोपे आहे. भात टरफलासकट भिजवून वाफवले की कोंड्याजवळचे ब-जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते. मग गिरणीत कोंडा निघाला तरी ते सगळे जात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम सुरय सडीक तांदळात थायामिन ०.०६ मिलिग्रॅम, तर गिरणीतल्या उकड्यात ०.२१ मिलिग्रॅम असते. म्हणजे तिपटीहून अधिक. नाचणीचीही हीच कथा. त्याच कोष्टकांत नाचणीतला चुना, म्हणजे कॅल्शियम, ३४४ मिलिग्रॅम आहे आणि सडीक तांदळातला १०. नाचणी काळी, म्हणून ती डोंगराकडच्या गरिबांची असे ठरले आणि तिची आंबील व तिझाण घरातून गेली. आता २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळल्यावर तीच नाचणी शहरातून गुळगुळीत पाकिटात बसून, चौपट भावाने आपल्याकडे परत येत आहे. आणि आता ती पाहुण्याला वाढायची लाज वाटत नाही!

सगळा दोष मानापमानाला देणे बरोबर होणार नाही. डिचोली तालुक्यात खाणींच्या मातीने कित्येक शेते गाळाने भरली. भात पिकवणारे घर भात विकत घेणारे झाले. विकत घेताना दुकानात जे असते तेच घरी येते, आणि तिथे पांढरा तांदूळ असतो. घरी भात वाफवायला लाकूड लागते, वेळ लागतो. हे मान्य करूनही प्रश्न उरतोच, कारण ज्यांच्या घरी आज भात आहे त्यांच्या घरीही पेजेच्या जागी चहा-बिस्किटे आली आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त निघाले ते गोव्यात, प्रौढांपैकी २६.४ टक्के. देशाचे प्रमाण ११.४ टक्के होते. याला एकटा तांदूळ कारण नाही. बसून करायची कामे, वजन, वय, साखर, दारू हे सारे त्यात आहे. उकडा खाल्ला म्हणजे मधुमेह होत नाही, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. भाताचा ढीग तो ढीगच. पण दिवसातून चार वेळा साखरेचा चहा आणि मैद्याची बिस्किटे यांच्यापेक्षा एक वाटी पेज आणि मुठभर चवळी बरी, याबद्दल डॉक्टरांत मतभेद नाही.

जुन्या रीतीत आणखी एक शहाणपण होते, ते म्हणजे वार आणि काळ पाळणे. सोरपोतेल फेस्ताला, लग्नाला आणि नाताळला होत असे. मधल्या शुक्रवारी आणि उपवासकाळात हात आखडता असे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे उपवासाचे दिवस आजही बंधनकारक आहेत, आणि अनेक घरांत त्या दिवशी नुसती पेज असते. हिंदूंचे सोमवार, एकादशी, श्रावण हेही तेच करीत. सणाचे जेवण दर रविवारचे झाले, मग बुधवारचेही झाले, की पोटाला सण आणि वार यातला फरक उरत नाही. पैसा आला की असे होते. यात कोणाचा अपराध नाही, पण शरीर हिशेब ठेवते.

आधी कोण, शेवटी कोण

मूल्यांचा सर्वांत कठोर परिणाम मात्र ताटातल्या पदार्थात दिसत नाही. तो पंगतीच्या क्रमात दिसतो. आधी घरधनी आणि पाहुणे, मग मुलगे, मग मुली, आणि शेवटी चुलीजवळ बसून घरातली बाई. तिच्या वाट्याला कढी येते, कढीतला मधला तुकडा येत नाही. या बाबतीत नदीच्या दोन काठांत फरक नाही. तेर्स झाल्यावर सगळ्यांनी एकत्र जेवायला बसण्याची आपली चाल चांगली, पण तिथेही वाढणारी बसते शेवटीच. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे निघाले. लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून काम करणारी, कदाचित पोटुशी असलेली बाई उरलेल्यावर भागवते, आणि तिच्या सासूला, आईला आणि तिला स्वतःलाही तेच शोभून दिसते. याला त्याग म्हणतात. मला तो शब्द येथे पटत नाही, कारण त्यागात निवड असते.

अभ्यास म्हणून एक करून पाहा. आठवडाभर, घरातल्या शाळकरी मुलाकडून वहीत लिहून घ्या: रोज रात्री कोण किती वाजता जेवले, आणि मासळीचा कोणता तुकडा कोणाला गेला. बाकी काही बोलू नका. वही आठव्या दिवशी सर्वांसमोर वाचा. तांबडी भाजी, तिसऱ्या, नाचणी, कडधान्ये यांत लोह आहे आणि त्यावर लिंबू पिळले की ते अंगी चांगले लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी लागते. परंतु हे सारे त्या बाईच्या ताटात पोचले तरच उपयोगाचे.

ज्यांच्याकडे या हंगामाचे भात घरात आहे त्यांच्यासाठी उकडण्याची कृती थोडक्यात देतो, कारण तरुण घरांत ती विसरली जात आहे. भात दोनदा धुऊन पोल वर येईल तो काढून टाकावा आणि रात्रभर पाण्यात ठेवावे. सकाळी पाणी उपसून, भाणात तळाशी थोडे पाणी ठेवून, तोंड गोणपाटाने झाकून वाफवावे. टरफले उकलू लागली की लगेच उतरवावे. फार शिजले तर दाणा फुटून चिकट होतो. लागलीच कडक उन्हात पसरू नये. आधी सावलीत ओल निघू द्यावी, मग उन्हात अधूनमधून पायाने परतत वाळवावे. एकदम तापले तर दाण्याला तडा जाऊन गिरणीत कणीच जास्त पडते. आणि गिरणीवाल्याला भात ओतण्याआधीच सांगावे, की एकच हात द्या, पांढरे करू नका. सांगितले नाही तर तो आपला मान राखण्यासाठी दोन हात देतो.